दस्तीखालचा भाव

भैय्यानं मला फसवलं. मी माझ्या भाचीला फसवलं. भाचीकडून तिकडच्या लोकांनी परभणीच्या एका निवृत्त मास्तरला फसवून घेतलं. क्रम असा आहे. मधे मी आहे, आणि मी ते लपवणार नाही.

पण माझं सांगायचं तर बैलबाजारापासून सांगावं लागतं.

मी नऊ वर्षांचा होतो. बापाबरोबर भोकरदनच्या बाजारात गेलो होतो. आमच्याकडं एकच बैल होता. पेरणीला जोडी जमवायची म्हणून दरवर्षी दुसऱ्याच्या बैलाची वाट बघावी लागायची. बापानं त्या वर्षी ठरवलं होतं, आपली जोडी करायची. सकाळी त्यानं खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, साबणानं धुतली. ती दोरीवर वाळेपर्यंत तिच्याकडं बघत बसला.

दस्ती धुवायचं कारण होतं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात आणि वरून दस्ती टाकतात. मग आत बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पूर्ण पंजा धरला तर पाच. शंभर का हजार, ते समोरचं जनावर बघून दोघांनाही कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी तुमच्या खिशात काय आहे ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक.

बैल आमच्याच गावच्या मालकांचा होता. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची. आधी दोघातिघांनी त्यांच्या हातात हात देऊन पाहिला होता, सौदा बसला नव्हता. मग बाप पुढं झाला. उजव्या हातावर दस्ती टाकली आणि हात पुढं केला.

मालकांनी आपला हात पाठीमागं नेला. तव्याला लागल्यासारखा.

"हात मागं घे," ते म्हणाले. "तोंडानं बोल."

आम्ही बौद्ध. हे सांगायची तिथं कोणाला गरज नव्हती.

बापानं इकडंतिकडं पाहिलं. मग तोंडानं आकडा सांगितला. सगळ्या बाजारानं ऐकला. मागून कोणी तरी म्हणालं, "आवाज बरा हाय रे याचा, अजून एक डाव सांग!" माणसं हसली. एका पागोटेवाल्यानं तेवढ्यात मालकांच्या हातात हात घातला, वर दस्ती टाकली. त्याला आता फक्त बापाच्या आकड्याच्या थोडं वर जायचं होतं. बैल गेला.

बापानं दस्तीची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. मला भजी घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाहीत.

मी त्या दिवशी ठरवलं की याच बाजारात माझा हात धरल्याशिवाय सौदा होणार नाही. आणि ते मी करून दाखवलं. चारा वाहिला, जनावरं हाकली, दलालांच्या मागं उभा राहून शिकलो. बोटं दस्तीखाली असतात, पण खांदा उघडा असतो. माणूस भाव चढवताना त्याचा खांदा हलतो. मी खांदे वाचायला लागलो. पंचविशीत दलाल झालो. पुढं जालन्यात अंबड रस्त्याला जुन्या ट्रॅक्टरांचं यार्ड टाकलं. माझा राग सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकानं वायदा मोडला तर मी चावी घेऊन भिरकावतो. पण माझ्याकडून कोणी जास्त पैसे काढून नेले असं कधी झालं नाही. लोक म्हणतात, हा माणूस नारळ घेतानाही भांडतो. मला ते ऐकायला आवडायचं.

मालक कधीच गेले. त्यांचा नातू भैय्या. भोकरदनमध्ये बसस्टँडच्या पुढं त्याचं दुकान होतं. काच, एसी, भिंतीवर विमानाचं चित्र. बोर्डावर तिकीट, पासपोर्ट, टूर असं लिहिलेलं. परदेशी नोकरीला माणूस पाठवायचं सरकारी लायसन वेगळं असतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी बोर्ड वाचलाच नव्हता.

माझी थोरली बहीण, अक्का, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. तिची मुलगी शीतल. नाव बदलून लिहितो असं मी तिला म्हणालो होतो. ती म्हणाली, "तिथं बदललं होतं मामा. आता न्हाई." म्हणून हे तिचं खरं नाव. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर येणारी, जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात बिलं करायची. सकाळी उभी राहिली की संध्याकाळीच बसायची.

एक दिवस भैय्याचा फोन आला. तो सगळं फोनवरच बोलायचा, लिहून काही पाठवत नव्हता. "शेठ, तुमची भाची शिकलेली हाय न्हं? बँकॉकला कंपनी हाय. हिंदी-मराठी बोलणाऱ्या पोरी पाहिजेत, कस्टमरशी बोलायला. एसीत बसून काम. या की एकदा दुकानावर."

मालकांचा नातू मला शेठ म्हणाला. मी त्याच दिवशी गेलो.

शीतल बरोबर होती. भैय्यानं तिला खुर्ची दिली, मला दिली, चहा मागवला. मग आकडा सांगितला. तिकीट, मेडिकल, व्हिसा, सगळं मिळून.

"व्हिसा?" मी म्हणालो. "भैय्या, येडा समजला का मला? थायलंडला आपल्याला व्हिसाच लागत न्हाई. उतरलं की शिक्का मारून सोडून देतात. मोबाईलवर बघून आलोय मी."

भैय्या हसला. "शेठ, तुम्ही तर सगळा अभ्यासच करून आले की."

"मंग व्हिसाचा खर्चा कशाचा? काढ तो."

"काढला. बास?"

"अन् मेडिकल? धडधाकट पोरगी हाय. तेबी काढ."

शीतल माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मला ते कळत होतं. भैय्यानं मान हलवली, आणि मग खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा नॅपकिन उचलला.

"शेठ, तुमच्यासारख्या माणसाशी तोंडानं काय बोलायचं? हात द्या."

त्यानं हात पुढं केला. वर नॅपकिन टाकला.

मला इथं खरं लिहायचं आहे. त्या घरचा हात होता तो. मऊ होता, एका बोटात अंगठी होती. त्याच्या आजोबांनी जो हात माझ्या बापाला दिला नाही, तो मला स्वतःहून दिला जात होता, आणि तोही माझ्या भाचीच्या समोर. मी त्याची बोटं धरली. त्यानं माझी धरली. निम्म्यावर सौदा बसला. मी त्याच्या खांद्याकडं पाहिलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मी त्या हातासाठी शीतल दिली. याहून सभ्य शब्द मला सापडत नाही.

अक्कानं विचारलं होतं, "तिथं आपलं कोण हाय? कोणाची पोरगी आधी गेल्ती का? तिला फोन लावून बघू."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी तिच्यावर ओरडलो. "निम्म्यात करून आलोय. दुसरा असता तर पुरता लुटला असता."

मी तिच्याहून लहान, पण घरात माझाच आवाज मोठा.

भैय्यानं सांगितलं होतं की विमानतळावर नोकरीचं नाव काढायचं नाही. फिरायला चालले म्हणायचं. तो म्हणाला, "फॉर्मॅलिटी हाय शेठ. तिथं गेल्यावर कंपनी कागद करून देती." परतीचं तिकीट दाखवायला दिलं, हॉटेलच्या बुकिंगचा कागद दिला. ते दोन्ही नंतर रद्द होणार होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. धंद्यात मी गिऱ्हाइकाला याहून मोठ्या थापा मारल्या आहेत.

मीच तिची तयारी करून घेतली. अक्काच्या ओट्यावर खुर्ची टाकून मी साहेब झालो आणि शीतल पिशवी घेऊन समोर उभी.

"क्यों जा रही हो?"

"घूमने."

"कितने दिन?"

"पाच दिन, सर."

"खाली बघू नको. खाली बघितलं की धरतात. माझ्या डोळ्यात बघून बोल."

अक्का भाजी निवडत हसत होती. शीतलही हसायची आणि वाक्य मोडायचं. मग मी चिडायचो. "परत. पहिल्यापासून." वीस वेळा म्हणवून घेतलं. शेवटी ती न हसता, माझ्या डोळ्यात बघून, सरळ खोटं बोलली. मी म्हणालो, "शाब्बास."

ती पोचली. तिनं पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो पाठवला. तो मी यार्डात आलेल्या प्रत्येक माणसाला दाखवला. "हे बघा. व्हिसा न्हाई, काही न्हाई. निम्म्या पैशात पोरगी बँकॉकला."

त्यानंतर तिचा फोन लागला नाही.

एक दिवस गेला, मग आठवडा. भैय्या म्हणायचा, तिकडचं सिमकार्ड घ्यायला वेळ लागतो, ट्रेनिंगमध्ये मोबाईल जमा करतात. अक्का रोज शाळेतून थेट यार्डात यायची, लोखंडी बाकड्यावर बसायची आणि माझ्या फोनकडं बघायची. तिचा स्वतःचा फोन होता. पण तिला वाटायचं, आला तर मामालाच येईल.

आला तो भर दुपारी. अनोळखी नंबर होता. शीतल कुजबुजत होती.

"मामा, मी बँकॉकला न्हाई."

विमानतळावर गाडीवाला तिच्या नावाची पाटी घेऊन उभा होता, म्हणून ती बसली. तासन् तास गाडी चालली. बाहेर मक्याची शेतं दिसायला लागली. तिला वाटलं, आपल्या भोकरदनसारखंच आहे, ऑफिस गावाकडं असेल. दोनदा गाडी बदलली. मग नदी आली आणि होडी. पलीकडच्या काठावर बंदूकवाले होते. तो थायलंड नव्हता. म्यानमार होता. पासपोर्ट काढून घेतला, मोबाईल काढून घेतला, आणि एका मोठ्या आवारात नेलं. आवाराला उंच भिंती होत्या. आत शेकडो पोरंपोरी कॉम्प्युटरसमोर. काम एकच, लोकांना मोबाईलवर गोड बोलायचं आणि लुटायचं. न जमलं की उन्हात उभं करायचे, जेवण बंद करायचे. याहून जास्त तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"मी म्हणले मला घरी जायचंय. तर म्हणतात, आम्ही तुला विकत घेतलंय. कितीला घेतलं ते सांगत न्हाईत, मामा. तेवढे आणून दे म्हणतात अन् जा."

फोन तुटला. अक्का बाकड्यावरून उठून माझ्याजवळ आली होती. फोनला कान लावून तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू बैल घेताना चार पावलं चालवून बघतो," ती म्हणाली. "दात बघतो. इकायला का काढला म्हून इचारतो."

एवढंच बोलली. मला दोन कानाखाली मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते खरं होतं. जनावर कोणाचं, कुठून आलं, मालक का विकतोय, हे विचारल्याशिवाय मी कधी दोरीला हात लावला नाही. भाचीच्या बाबतीत मी एकच गोष्ट विचारली, भाव. आणि भाव पाडायला मी नेमकं काय कापलं? कामाचा व्हिसा मागायला गेलं की समोरचा माणूस विचारतो, कोणाकडं काम आहे, कसलं काम आहे, कंपनीचा कागद कुठं आहे. भैय्याकडं त्यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. नियम फिरायला जाणाऱ्यांसाठी सोपा केलेला आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण विचारणारा माणूस मधून गेला की कोणाला सोयीचं होतं, हे मला कळायला हवं होतं. मी आयुष्यभर दलाली केली आहे. भैय्याला जे हवं होतं, ते मीच घासाघीस करून त्याला मिळवून दिलं.

मी भैय्याच्या दुकानात गेलो. काच ढकलून आत शिरलो, त्याची कॉलर धरली.

"पोरगी कुठं हाय?"

"हात काढ." तो शांत होता. "आपण टुरिस्टचं तिकीट काढून दिलं. पुढं ती कुठं गेली, कोणासंगं गेली, मला काय माहीत?"

"तू नोकरी म्हणला होता!"

"कागद दाखव. व्हिसा नको असं तूच म्हणला न्हं? तुमच्या लोकांचं असंच हाय. जल्दी मोठं व्हायचं, अन् तोंडावर पडलं की आमच्या नावानं बोंबलायचं."

शेठचा तू झाला होता. मी मारायला हात उचलला, त्याच्या माणसांनी धरला आणि मला रस्त्यावर आणून सोडलं. पानटपरीवरची माणसं बघत होती. तोच बाजार होता. फक्त बापाच्या जागी मी होतो.

ठाण्यात गेलो. पोलीस साहेब कमी वयाचा होता, नीट बोलला. कागद बघितले. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग.

"काका, यात नोकरी कुठंय?"

"तोंडी ठरलं होतं."

"कोणासमोर?"

"भाचीसमोर. अन् माझ्यासमोर."

"काही मेसेज? पावती?"

काहीच नव्हतं. सगळा सौदा नॅपकिनखाली झाला होता. ज्याचा मला अभिमान वाटला होता, त्यानंच पुरावा खाल्ला.

"मंग तुम्ही लिहून द्या," साहेब म्हणाला. "काय ठरलं, तुम्ही काय केलं, सगळं."

सगळं म्हणजे ओट्यावरची खुर्चीही. वीस वेळा म्हणवून घेतलेलं वाक्यही. मी त्या दिवशी पोरगी बेपत्ता एवढंच लिहून दिलं. एजंटनं नोकरीची थाप मारली, असं मोघम. माझं काही लिहिलं नाही. गावात तोंड कसं दाखवू, यार्डावर कोण येईल, हा विचार मी केला. शीतल भिंतीआड होती आणि मी हा विचार केला. बापाचं आठवून मी आयुष्यभर रागावत आलो, पण त्या दिवशी मी घाबरट होतो, दुसरं काही नाही.

ती परत आली ती माझ्यामुळं नाही. तिकडच्या फौजेनं त्या आवारावर छापा घातला. गोंधळात शेकडो माणसं नदी ओलांडून थायलंडच्या बाजूला आली, त्यात ती होती. तिथल्या अधिकाऱ्यानं तिचं नाव कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाला, तू तर टुरिस्ट. पुढं कित्येक दिवस एका शेडमध्ये. मग सरकारी विमान, दिल्ली. तिथंही दोन दिवस चौकशी, की तुला फसवलं का तू फसवत होतीस? अक्का आणि मी आणायला गेलो. शीतल बाहेर आली, आईला बिलगली. माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरकलो. माझ्यानं ते घेववलं नाही.

घरी आल्यावर कित्येक दिवस ती फोन वाजला की दचकायची. एका सकाळी अक्का शाळेत गेलेली, मी ओट्यावर बसलो होतो. त्याच ओट्यावर. ती येऊन बसली.

"मामा, तुम्ही शिकवलेलं वाक्य मी बराबर म्हणले. मुंबईत विमानतळावर इचारलं त्यांनी. डोळ्यात बघून म्हणले. बँकॉकला तर त्यानं वर पाह्यलंच न्हाई."

मग ती तिकडचं सांगायला लागली.

"तिथं मला मराठी माणसं दिली. म्हणले, तू तुझ्या गावाकडं बोलती तसंच बोल, माणसं इस्वास ठेवतात. माझं नाव आर्या ठेवलं. फोटो दुसरीचा. परभणीचे एक मास्तर होते, रिटायर. बायको वारलेली. ते रोज सकाळी जास्वंदीचा फोटो पाठवायचे. म्हणायचे, बेटा, तुझं बोलणं ऐकून माहेरी आलेल्या लेकीवाणी वाटतं. मी सांगितलं तिथं त्यांनी सगळं घातलं, मामा. पेन्शनचं, सगळं. शेवटच्या दिवशी त्यांनी इचारलं, बेटा, तू खरी हाय न्हं?"

"मंग?"

"मी म्हणले, हाव सर."

तिनं रस्त्याकडं मान फिरवली. मग म्हणाली, "मला ठाण्यात सगळं सांगायचंय. मी केलेलंबी. तुम्ही येता का?"

मी लगेच हो म्हणालो नाही. उद्या बघू म्हणालो. हेही लिहून ठेवतो.

ही गोष्ट भैय्यापर्यंत कशी पोचली माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो यार्डात आला. पांढरी गाडी, बरोबर कोणी नाही. यार्डात दोन गिऱ्हाइकं ट्रॅक्टर बघत होती, मेस्तरी एका ट्रॅक्टरखाली होता. शीतल आली होती, माझ्या टेबलाशी बसली होती. ठाण्यात जायचं का नाही, ते विचारायला आली होती.

"शेठ!" भैय्या म्हणाला. मी परत शेठ झालो होतो. "पोरगी सुखरूप आली, बास. देव पावला. आता कोर्ट-कचेरी करून तिचंच नाव खराब व्हायचं. उद्या लग्न करायचंय तिचं."

मी गिऱ्हाइकांकडं पाहिलं.

"तुमचाबी त्यात हात हाय न्हं शेठ? खोटं बोलायला कोणी शिकवलं, हे निघणारच. आपण आपसात मिटवू."

त्याला बरोबर माहीत होतं. नोकरी त्यानंच देऊ केली होती, हे सांगणारी माणसं दोनच. पोरीच्या बोलण्यावर शंका घेता येते, कारण ती तिकडं काय काम करत होती ते सगळ्यांना कळलेलं. उरलो मी. आणि मी बोललो तर मला माझंही सांगावं लागणार.

त्यानं खिशातून दस्ती काढली. या वेळी नॅपकिन नाही, खरी बाजारातली दस्ती, कोरी. उजव्या हातावर टाकली. हात पुढं केला.

"द्या हात."

माझा हात उचलला गेला. लपवून उपयोग नाही. अर्ध्यापर्यंत गेला. चाळीस वर्षांची सवय आहे, समोर दस्ती आली की हात जातो. गिऱ्हाइकं आमच्याकडं बघायला लागली होती. शीतलही बघत होती. तिला बोटांची भाषा येत नाही. पण दस्तीखाली कशाचा तरी भाव ठरतो, हे तिला आता माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं मान खाली घातली. खाली बघू नको, असं मीच तिला वीस वेळा सांगितलं होतं.

मी त्याच्या हातावरची दस्ती ओढून काढली. उघडा हात तसाच हवेत राहिला. मऊ, अंगठीचा.

"हात मागं घे," मी म्हणालो. "तोंडानं बोल."

"शेठ, माणसं बघून राह्यली..."

"बघू दे. तू काय द्यायला आला, कशाचं द्यायला आला, तोंडानं बोल. मोठ्यानं."

मेस्तरी ट्रॅक्टरखालून बाहेर आला. भैय्याचा खांदा हलला. मी आज पाहिला.

शीतल उठून उभी राहिली होती. तिचा आवाज चढला नाही. दुकानात बिलाची रक्कम विचारावी तसं तिनं विचारलं.

"भैय्या, मला कितीला विकलं?"

तो गाडीत बसला. काच वर केली. गेला.

आम्ही तिथून थेट ठाण्यात गेलो. अक्का शाळेतून तशीच आली, हाताला हळद लागलेली. शीतलनं चार तास सांगितलं. मास्तरचं सांगताना पाणी मागितलं, पण थांबली नाही. मग मी बसलो. साहेब लिहीत होता. मधेच पेन थांबवून म्हणाला, "काका, हे असं लिहिलं तर तुम्हीपण अडकाल. तुमच्यावरबी येऊ शकतं."

"लिहा," मी म्हणालो. "खुर्ची मीच टाकली होती. साहेब मीच झालो होतो. वीस डाव म्हणून घेतलं. आकडाबी लिहा, वीस."

मला माफी नको आहे. शीतल अजूनही माझ्या डोळ्यात बघून बोलत नाही, आणि ते तिनं बंद केलं तेच बरोबर आहे. अक्का यार्डात येत नाही. गिऱ्हाइकं कमी झाली. होऊ दे. मास्तरचा पत्ता पोलिसांकडून मागितला आहे. मिळाला की शीतल आणि मी परभणीला जाणार आहोत. दारात उभं राहून सांगणार आहोत, की ती आर्या हीच, आणि तिला तिथं पाठवणारा मामा हा. मास्तर दार लावतील. लावू दे. त्यांना तो हक्क आहे.

भैय्याला अटक झाली आहे. माझ्यावर जे यायचं ते येऊ दे, मी उभा आहे. पण माझ्यानंतर थांबायचं नाही. बँकॉकच्या विमानतळावर तिच्या नावाची पाटी धरायला माणूस कोणी पाठवला? नदीच्या काठावर तिचे पैसे कोणी मोजून घेतले? त्यातले भोकरदनच्या त्या काचेच्या दुकानात किती आले? तिच्याआधी आमच्या तालुक्यातल्या आणखी किती पोरी त्या खुर्चीवर बसून चहा पिऊन गेल्या?

भैय्या, तुझ्या आजोबांनी माझ्या बापाला भरबाजारात आकडा ओरडायला लावला होता. तो आकडा त्याच्या घामाचा होता, म्हणून तो बोलू शकला. आता पाळी तुझी आहे. जामिनावर सुटून दुकान उघडशील तर मी दुकानासमोर उभा असेन. कोर्टात जाशील तर कोर्टासमोर. दस्ती नाही, नॅपकिन नाही, आपसात काही नाही.

शीतलला कितीला विकलं?

तोंडानं बोल.